आवाज मोठा होता, म्हणून वाद्यं मोठी केली

आज जरा लांबच्या गाण्याविषयी बोलू या. कॉलेजात जाणारी आपली मुलं-मुली कानात हेडफोन घालून काहीतरी ऐकत बसतात आणि शेजारी बसलेल्या आपल्याला नुसती धडधड ऐकू येते. त्या धडधडीत काय असतं, हे एका अल्बमवरून समजून घेऊ. अल्बम म्हणजे एकत्र बाहेर काढलेली आठ-दहा गाणी, पूर्वी कॅसेट निघायची तशी. या अल्बमचं नाव ‘ओशनबॉर्न’, म्हणजे समुद्रातून जन्मलेलं. तो डिसेंबर १९९८ मध्ये फिनलंड या देशात निघाला. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या संचाचं नाव ‘नाइटविश’.

फिनलंड युरोपच्या उत्तरेला आहे. तळी, जंगल आणि लांबलचक हिवाळा. त्यातलं किटे हे गाव रशियाच्या सीमेजवळ, लहानसंच. तिथला तुओमास होलोपाइनेन हा तरुण १९९६ साली मित्रांबरोबर शेकोटीपाशी बसला होता, तेव्हा त्याच्या मनात आलं की आपण एक संच काढावा. गाणी शांत असावीत, साधी गिटार, पेटीसारखा कीबोर्ड आणि एक बाईचा आवाज. गायला त्यानं गावातलीच टार्या टुरुनेन बोलावली. ती लहानपणापासून संगीत शिकत होती आणि ऑपेराच्या पद्धतीनं गायची.

ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटक. सगळी गोष्ट गाऊन सांगतात आणि समोर मोठा वाद्यवृंद असला तरी गायक माईक घेत नाहीत. आपल्याकडे बालगंधर्वांच्या काळी माईक नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचायचं, तसंच. हा आवाज ओरडून येत नाही. श्वास खालून, बरगड्या फुलवून घ्यायचा, गळा मोकळा ठेवायचा आणि तोंडाची पोकळी घुमटासारखी वापरायची. त्यासाठी वर्षानुवर्षं मेहनत लागते. टार्याचा आवाज ‘सोप्रानो’, म्हणजे बायकांच्या आवाजातला सर्वांत उंच पट्टीचा.

पहिली गाणी करून पाहिली, तेव्हा अडचण ध्यानात आली. तिच्या आवाजापुढे ती साधी गिटार टिकेना. आता अशा वेळी आपल्याकडे काय सांगतात? “बाई, जरा हळू गा.” इथे उलटं झालं. आवाज मोठा आहे ना, मग वाद्यं मोठी करू, असं ठरलं. विजेवरची गिटार आली, ड्रम आले आणि सारा संचच बदलला. मला या गोष्टीतली सगळ्यात आवडलेली बाब हीच.

आता त्या अवजड नावाकडे वळू. या प्रकाराला ‘सिम्फॉनिक पॉवर मेटल’ म्हणतात. लग्नातला कर्णा फार वाढवला की आवाज फाटतो, आठवतं ना? मेटलमध्ये गिटारचा आवाज मुद्दाम तसा फाडतात, मात्र मापात. त्यातून तो जाड, खरखरीत, भिंतीसारखा सलग आवाज येतो. ड्रमवाला दोन्ही पायांनी मोठा ढोल वाजवतो, म्हणून घोडे दौडत असल्यासारखं वाटतं. ‘पॉवर’ म्हणजे चाल वेगवान आणि वीरश्रीची, पोवाड्याला असते तशी चढती. ‘सिम्फॉनिक’ म्हणजे त्यात वाद्यवृंदाचा थाट. ओशनबॉर्नच्या वेळी या पोरांकडे मोठा वाद्यवृंद नव्हता. मोजकी व्हायोलिनच्या जातीची वाद्यं, एक बासरी, बाकी सगळा भरणा तुओमासच्या कीबोर्डचा. खरा वाद्यवृंद पुढे २००२ च्या अल्बममध्ये आला.

गाणी इंग्रजीत आहेत. शब्द कळले नाहीत तर वाईट वाटून घेऊ नका. इतक्या उंच स्वरात शब्द लांबतात, व्यंजनं बुजतात. इंग्रजी येणाऱ्यांनाही कागद समोर घ्यावा लागतो. बहुतेक शब्द तुओमासचे. विषय अद्भुताचे: मृगनक्षत्राकडे निघालेला इजिप्तचा राजा, रानातले विधी, तारे पाहणारे लोक. हे खोटंच आहे, मग गायचं कशाला, असं कुणी म्हणेल. पण दशावतारात राक्षस रंगमंचावर येतो तेव्हा आपण त्याचा दाखला मागत नाही. भीती, हुरहुर, घर सोडून दूर जावंसं वाटणं हे उघड बोलायला जड जातं. राजा-राक्षसाच्या आडून ते सहज बोलता येतं.

याच संचानं १९९९ मध्ये ‘स्लीपिंग सन’ हे गाणं काढलं, त्या वर्षीच्या ११ ऑगस्टच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या निमित्तानं. ग्रहणाची ती सावली युरोपावरून सरकत त्याच संध्याकाळी आपल्या देशातही आली होती. पुढे ते गाणं ओशनबॉर्नच्या नंतरच्या आवृत्त्यांत घातलं.

पुढचं मात्र कडू आहे. टार्या नऊ वर्षं या संचाचा आवाज होती. २१ ऑक्टोबर २००५ ला हेलसिंकीत मोठा कार्यक्रम झाला आणि तो संपल्यावर चौघा पुरुष साथीदारांनी तिच्या हाती पत्र दिलं: यापुढे तू आमच्यात नाहीस. तेच पत्र जगासमोर जाहीरही केलं. त्यात तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या वागण्याबद्दल, पैशाबद्दल तक्रारी होत्या. तिनंही जाहीर उत्तर दिलं आणि हे असं चारचौघांत केल्याचं दुःख सांगितलं. तक्रारी खऱ्या की खोट्या, हे आपण इतक्या दुरून कसं ठरवणार? पण घरातला वाद चावडीवर वाचून दाखवण्याची रीत मला पटत नाही, मग तक्रार कितीही खरी असो. गटात काम करणाऱ्या बायकांना यातला फरक नीट कळेल. कार्यक्रमात सगळ्यांत पुढे तिचा आवाज, आणि ती राहणार की जाणार हा निर्णय तिच्या पाठीमागे झालेला.

संच थांबला नाही. स्वीडनची आनेट ओल्झोन आली, तिचा आवाज साधा, ऑपेराच्या वळणाचा नव्हता. २०१२ पासून नेदरलँडची फ्लोर यान्सेन गाते. टार्या स्वतःच्या नावानं जगभर कार्यक्रम करते. म्हणजे तिचं गाणं कुणाला काढून घेता आलं नाही.

ऐकायचं असेल तर एकदम ड्रमच्या गाण्यापासून सुरुवात करू नका. आधी ‘वॉकिंग इन द एअर’ लावा. ते मूळ १९८२ च्या ‘द स्नोमॅन’ या चित्रफितीतलं, बर्फाचा माणूस एका मुलाला घेऊन आकाशात उडतो त्या वेळचं. चाल संथ आहे, आवाज ओळखीचा होतो. मग ‘पॅशन अँड द ऑपेरा’ ऐका. त्याच्या शेवटी शब्दच नाहीत, ती नुसत्या स्वरांवर खेळते, आपल्या तानेसारखी. इजिप्तच्या राजाचं गाणं सगळ्यांत शेवटी लावा. त्यात मध्येच एका पुरुषाचा गुरगुरणारा आवाज येतो, तेव्हा मांडीवर लहान मूल झोपलेलं असेल तर फोनचा आवाज आधीच कमी करून ठेवा.