फळीवरची वही

पहाटे ४. मे महिन्यात आमच्या सडक अर्जुनी तालुक्यातल्या रानाकाठच्या गावांत कोंबड्याआधी माणसे उठतात. ऊन चढायच्या आत तेंदूपाने तोडून व्हायला हवीत. नवेगाव-नागझिऱ्याचे वाघ, अस्वले याच वाटांनी फिरतात, म्हणून एकट्याने जायचे नाही असा ग्रामसभेचा ठराव आहे. मी सभेची सचिव. पण आधी काकीसोबत पाने तोडते. पानाला हात न लावता पानाच्या भावावर बोलणे मला पटत नाही.

सकाळी १०. ओसरीत पुडकी बांधतो. एका पुडक्यात ७० पाने, हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. आजी न बघता मोजते.

दुपारी १२. वही घेऊन शेजारच्या आजोबांसमोर बसते. त्यांचे पुतणे आदिवासी नाहीत. वनजमिनीच्या दाव्यासाठी त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. एवढा जुना कागद गरिबाघरी कुठून असणार? मात्र वनहक्काच्या नियमांनी वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा मानला आहे. कोणत्या बोडीचे पाणी कोणत्या बांधीत जायचे, पाळ कुणाच्या आजाने घातली, आजोबा सांगतात तसे लिहून घेते. एकच पुरावा चालत नाही. दुसऱ्यासाठी उद्या तहसीलमध्ये जुने नकाशे बघायचे.

शेजारच्या गडचिरोलीत अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा आहे. गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे आमची सारी भिस्त २००६ च्या वनहक्क कायद्यावर. तेंदू आणि बांबू ही गौण वनउपज, तिची मालकी हक्कदार गावाची, हे त्यात स्वच्छ लिहिले आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २०११ मध्ये आपल्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतःच्या हाती घेतला, तेव्हा आम्ही शाळेत होतो. आता सामूहिक हक्काच्या बळावर आमची सभा पानांची निविदा काढते, व्यापाऱ्याशी करार करते.

सायंकाळी ५. फळीवर, म्हणजे पाने जमा करायच्या जागी, पुडक्यांच्या ओळी लागतात. पूर्वी वही ठेकेदाराच्या मुन्शीकडे असायची. शेकड्यामागे जास्तीची पुडकी मागितली, कुणाची खराब म्हणून बाजूला टाकली, तरी बाया गप्प राहायच्या. लिहिलेले वाचता येत नव्हते. आता वही बारावी झालेली पोरे लिहितात आणि प्रत्येक नाव, प्रत्येक आकडा मोठ्याने वाचतात. "माझी तीन कमी लिहिली," एक काकी ओरडते. पुन्हा मोजतो. तीन कमीच होती. मला विचाराल तर गावातले सगळ्यात महत्त्वाचे राजकारण या वाचनात आहे.

रात्री ८. ग्रामसभा. निम्मे सभासद हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. बाया कमी पडल्या, तेव्हा पोरी घरोघर जाऊन बोलावून आल्या. ग्रामपंचायत लढायला वय २१ लागते. इथे १८ पुरे, म्हणून कॉलेजची मुले पुढे बसतात.

विषय वणव्याचा. नवी पालवी फुटावी म्हणून रान पेटवायची सवय जुनी आहे. त्याऐवजी हंगामाआधी खुटकटाई, म्हणजे तेंदूच्या झुडपांची छाटणी, करावी, असे आम्ही मांडले.

"मजुरी कोण देईल, बाई?" एका काकांनी विचारले.

मी सभेच्या खात्यातली शिल्लक वाचली. वाद तासभर चालला. आग लावायची नाही, हे ठरले. खुटकटाईला निधी किती, ते हंगाम संपल्यावर ठरेल. तोवर राखणीच्या टोळ्यांची नावे लिहून घेतली.