कीचकवध व १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा

कै. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें ‘कीचकवध’ महाराष्ट्र नाटक मंडळीनें १९०७ सालीं रंगभूमीवर आणलें व १९१० च्या आरंभीं मुंबई सरकारनें तें बंद केलें. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदभूमि, कंक म्हणजे मवाळ व बल्लव म्हणजे जहाल, हा अर्थ सर्वश्रुत आहे. विराटपर्वाचा पडदा घेऊन नाटककारानें सरकारास चकविलें, असें ह्या नाटकाविषयीं वारंवार लिहिलें जातें. हें विधान आम्हांस तपासून घेण्याजोगें वाटतें. कारण हा पडदा कोणत्या कायद्यापुढें धरला होता, हें त्यांत पाहिलेलें नसतें.

वृत्तपत्रकारास भय असे तें पिनल कोडाच्या १२४ अ कलमाचें. तेथेंहि पडदा टिकेच असें नाहीं. १८९७ च्या खटल्यांत शिवाजीमहाराजांच्या तोंडीं घातलेली कविता टिळकांवर पुरावा म्हणून आलीच. परंतु सरकारास निदान ते शब्द न्यायासनापुढें मांडावे लागत, भाषांतराचा वाद होई व आरोपीस बोलावयास मिळे. १९०८ सालीं टिळकांनीं ह्या संधीचा केवढा उपयोग केला हें प्रसिद्धच आहे. खाडिलकर ‘केसरी’तलेच, त्यांचें हें ज्ञान ऐकीव नव्हतें.

नाटकाची गोष्ट निराळी. १८७६ च्या जानेवारींत प्रिन्स ऑफ वेल्स कलकत्त्यास आले असतां जगदानंद मुखर्जी ह्या वकिलांनीं त्यांस आपल्या घरच्या अंतःपुरांत नेलें. ग्रेट नॅशनल थिएटरनें त्यावर ‘गजदानंद ओ युवराज’ हें प्रहसन केलें. पोलिसांनीं तें थांबवितांच तेंच ‘हनुमानचरित्र’ ह्या नांवानें पुन्हां झालें! फेब्रुवारीअखेर लॉर्ड नॉर्थब्रुक यांनीं वटहुकूम काढला. तरीहि मंडळीनें हॉग व लॅम्ब ह्या पोलिस अधिकाऱ्यांच्या आडनांवांवर डुक्कर व मेंढी असा श्लेष करून त्यांची थट्टा केली. डिसेंबरांत १८७६ चा १९ वा कायदा झाला.

ह्या कायद्याचें मर्म त्याच्या तिसऱ्या कलमांत आहे. नाटक बदनामीकारक, अप्रीति उत्पन्न करणारें किंवा नीति बिघडविणारें आहे असें सरकारचें ‘मत’ झालें कीं पुरें. पुराव्याची गरज नाहीं. मनाई मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आणि हा धाक नटांसच नव्हे, तर जाणूनबुजून प्रयोग पाहणाऱ्या प्रेक्षकांसहि होता. उलट धार्मिक उत्सवांतील जत्रांच्या खेळांस बारावें कलम सूट देई. म्हणजे कीचकाचें तेंच आख्यान उत्सवांत निर्वेध व्हावें आणि तिकीट लावलेल्या नाटकगृहांत सरकारच्या मर्जीवर अवलंबून रहावें, असा हा प्रकार होता.

तेव्हां खाडिलकरांचा पडदा न्यायालयांत वाद घालण्यास उपयोगी पडता, पण ह्या कायद्यांत न्यायालयच नव्हतें. मग नाटक तीन वर्षें चाललें कसें? आम्हांस वाटतें, बंदी घालावयाची तर कीचक कोण हें सरकारास स्वमुखानें सांगावें लागणार, ह्याची अडचण होती. स्त्रीवर हात टाकणाऱ्या उन्मत्त सेनापतींत आपला व्हाइसरॉय ओळखणें कोणत्याहि सरकारास शोभणारें नव्हतें. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाटकगृहांत ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगास आलेल्या कलेक्टर जॅक्सनचा खून झाला आणि हा संकोच सुटला. नाटकाची संहिता तीच होती. बदललें तें सरकारचें मत. १९१० सालींच व्हॅलेंटाइन चिरोल यांनीं आपल्या ग्रंथांत कीचक, द्रौपदी, युधिष्ठिर व भीम यांची फोड करून सांगितली, आणि ज्यांनीं नाटक पाहिलें नव्हतें त्यांसहि तें कळलें.

खाडिलकरांचें ‘मानापमान’ नाटक १९११ सालीं किर्लोस्कर मंडळीनें केलें. तें संगीत होतें.

कायदा मात्र इंग्रजांबरोबर गेला नाहीं. लखनौस प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ कथेच्या नाट्यरूपावरून १९५३ सालीं खटला झाला. त्यांत १९५६ सालीं अलाहाबाद हायकोर्टानें ह्या कायद्याची मनाईची कलमें घटनाविरुद्ध ठरविलीं. प्रतिपक्षास म्हणणें मांडण्याची संधि नाहीं, हें त्याचें एक कारण होतें. संसदेनें हा कायदा २०१७ च्या निरसन-अधिनियमानें रद्द केला. महाराष्ट्रांत तत्पूर्वींच, १९५१ च्या मुंबई पोलिस कायद्याच्या आधारें, प्रयोगापूर्वीं संहिता तपासून घेण्याची निराळी रीत पडली होती.