विनोद दुआ : सरकारी पडद्यावरून सरकारला प्रश्न

दूरदर्शनची मक्तेदारी असताना, १९८५ साली ‘जनवाणी’ या कार्यक्रमात सामान्य नागरिक मंत्र्यांना थेट प्रश्न विचारीत. सूत्रसंचालक होते विनोद दुआ. सरकारी माध्यमात हे धाडसच! तत्पूर्वी १९८४च्या निवडणूक विश्लेषणात प्रणय रॉय यांच्यासमवेत ते घरोघरी पोहोचले होते. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री किताब लाभला.

२०२० मध्ये मात्र यूट्यूबवरील टीकेवरून हिमाचल प्रदेशात त्यांच्याविरुद्ध राजद्रोहाचा गुन्हा नोंदविण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२१ रोजी तो रद्दबातल ठरविला. हिंसेला चिथावणी न देणारी टीका राजद्रोह ठरत नाही, हे १९६२च्या केदारनाथ सिंह निकालाचे संरक्षण प्रत्येक पत्रकारास आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. अनुभवी पत्रकारांवरील तक्रारी आधी समितीने तपासाव्यात, ही त्यांची मागणी मात्र फेटाळली गेली. त्याच वर्षी ४ डिसेंबरला दुआ यांचे निधन झाले.