सहा लाखांची यात्रा आणि शंभर वाचक

चैत्र पौर्णिमेला कोल्हापूरजवळ वाडी रत्नागिरीला, जोतिबाच्या डोंगरावर किती माणूस येतं? बातम्यांत दरवर्षी पाच लाख, सात लाख असे आकडे असतात. आपण मधला, सहा लाखांचा धरू. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. म्हणजे अख्खं शहर आणि वर पन्नास हजार पाहुणे, एवढा सगळा समुदाय एका दिवसात एका डोंगरमाथ्यावर.

आता कुणीतरी नव्यानं सुरू केलेलं एक लहानसं संकेतस्थळ डोळ्यांपुढे आणा. जोतिबाला जायच्या पायवाटा, पालखीच्या वेळा, माघातल्या खेट्यांची (पायी दर्शनवाऱ्यांची) माहिती असं मनापासून लिहिलेलं. रोज शंभर जण ते वाचतात. या हिशेबानं सहा लाख वाचक व्हायला सहा हजार दिवस लागतील, म्हणजे सोळा वर्षं आणि वर पाच महिने. पहिल्या दिवशी जन्मलेलं मूल तोवर अकरावीत गेलेलं असेल.

हा आकडा पाहून नव्या लिहिणाऱ्याचा धीर सुटतो. शंभर वाचकांच्या जोरावर जाहिरात मागायची तरी कुठल्या तोंडानं, असं त्याला वाटतं. मग तो सोपा मार्ग धरतो. गुगलच्या जाहिराती आपल्या पानावर लावतो आणि पैशांची वाट बघत बसतो.

त्या वाटेवरचे आकडे तर डोकं गरगरवणारे आहेत. २०२४ या एका वर्षात गुगलला जाहिरातींतून सुमारे २६,४५९ कोटी डॉलर मिळाले. वर्षाच्या सेकंदांनी भागा: सेकंदाला आठ हजार डॉलरहून जास्त. डॉलर ८४ रुपयांचा धरला, तर सेकंदाला सुमारे सात लाख रुपये. चैत्र यात्रेला आलेल्या प्रत्येक माणसाकडून एकेक रुपया गोळा केला तरी ती सगळी रक्कम गुगलच्या एका सेकंदाच्या जाहिरात-उत्पन्नाला पुरी पडणार नाही.

यातला मोठा वाटा गुगलच्या स्वतःच्या शोधपानांवरचा आणि यूट्यूबवरचा. इतरांच्या संकेतस्थळांवर आणि अ‍ॅपवर लावलेल्या जाहिरातींचा भाग सुमारे ३,०३६ कोटी डॉलरचा, म्हणजे शंभरातले अकरा-बारा. त्या भागातून जगभरच्या लाखो पानांचे वाटे पडतात. अ‍ॅडसेन्समध्ये (पानांवर जाहिराती लावण्याची गुगलची योजना) पान चालवणाऱ्याला रुपयातले साधारण ६८ पैसे मिळतात. वाटणी वाईट नाही. वाटायला येतं तेच थोडं असतं. समजा, हजार वेळा जाहिरात दिसली की पदरात ५० रुपये पडतात. रोजचे शंभर वाचक म्हणजे वर्षाचे ३६,५००. त्यांचे झाले १,८२५ रुपये. महिन्याला दीडशे. कोल्हापुरात दोघांनी मिसळ खाऊन वर चहा घेतला तर त्यातले फारसे उरायचे नाहीत.

डोक्यांवर भाव ठरला की लहानाचं हे असंच होणार. यात्रेत सहा लाख डोकी म्हणजे बारा लाख डोळे, पण ते डोळे असतात कुठे? रस्त्याच्या कडेला लावलेल्या फ्लेक्सवर नक्कीच नसतात. ते असतात सासनकाठ्यांवर; मानाच्याच १०८ आहेत. पहिला मान साताऱ्याकडच्या पाडळीचा. तीस-चाळीस फूट आणि त्याहूनही उंच काठ्या नाचवत लोक यमाईच्या देवळाकडे निघतात, पालखीवर गुलाल-खोबरं उधळलं जातं, चांगभलंचा गजर चालू असतो. त्या गुलालात समोरचा माणूस ओळखू येत नाही, तिथे कोपऱ्यावरच्या शुभेच्छाफलकावरचा फोन नंबर कोण टिपून घेणार? गर्दी मोठी असली म्हणजे लक्षही तेवढंच मिळतं असं नाही.

इंटरनेटवरही हे फार लवकर दिसून आलं. २७ ऑक्टोबर १९९४ ला हॉटवायर्ड या अमेरिकी संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीच्या जाहिरातीची पट्टी झळकली.   ती पाहणाऱ्या शंभरांतल्या ४४ जणांनी तिच्यावर क्लिक केलं, असं सांगतात. आज अशा पट्टीवर शंभरात एकानं क्लिक केलं तरी जाहिरातदार खूश होतो. बघणारे अफाट वाढले आणि नजर विरळ झाली.

नव्या पानावरची जागा विकण्याचा सगळ्यात अचाट प्रकार २००५ चा. इंग्लंडमधल्या अ‍ॅलेक्स ट्यू या एकवीस वर्षांच्या मुलाला विद्यापीठाच्या शिक्षणाचा खर्च उभा करायचा होता. त्यानं एक पान बनवलं: हजार पिक्सेल, म्हणजे ठिपके, आडवे, हजार उभे, एकूण दहा लाख. ठिपक्याला एक डॉलर, आणि कमीत कमी शंभर ठिपके घ्यायचे. पानावर वाचायला काहीच नव्हतं, नुसती जागा होती. साडेचार महिन्यांत ती सगळी विकली गेली. शेवटच्या हजार ठिपक्यांचा लिलाव ३८,१०० डॉलरला सुटला आणि एकूण जमा झाले १०,३७,१०० डॉलर.

ही गोष्ट सांगताना लोक दहा लाखांवर थांबतात. मला त्यातला ४०० हा आकडा जास्त मोलाचा वाटतो. त्याची पहिली विक्री झाली ती ४०० ठिपक्यांची, आणि घेणारा होता संगीताचं संकेतस्थळ चालवणारा त्याचा मित्र. पहिल्या दोन आठवड्यांत घरच्यांनी आणि मित्रमंडळींनी मिळून ४,७०० ठिपके घेतले. दहा लाखांत ४,७०० म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. पण पुढच्या अनोळखी गिऱ्हाइकांना कोरं पान दिसलं नाही ते या अर्ध्या टक्क्यामुळे. नंतर त्याची नक्कल करणारे ढिगानं निघाले आणि बहुतेक बुडाले.

पहिली जाहिरात ओळखीतून येते, हे आपल्याकडे नवं नाही. गणेश मंडळाचा अहवाल, गावच्या यात्रेची स्मरणिका, दिवाळी अंक, सगळ्यांची सुरुवात तिथूनच. पाव पान, अर्धं पान, मलपृष्ठ. मलपृष्ठाचा भाव सगळ्यात चढा. १९०९ ला ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी अंकांनी जाहिरातदाराचा हात सोडलेला नाही. जोतिबापासून फार लांब नसलेल्या किर्लोस्करवाडीला १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं ते कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवण्यासाठी. आपला वाचक कोण, हे पहिल्या अंकापासून पक्कं होतं. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ हे मराठीतलं नावाजलेलं मासिक उभं राहिलं.

आपला माणूस ओळखण्याचा जिताजागता नमुना वाडी रत्नागिरीतच आहे. जोतिबाच्या अनेक भक्तघराण्यांचा गुरव पुजारी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असतो. मुक्काम त्याच्याकडे, पुरणपोळीचा नैवेद्य त्याच्या घरून. डोंगरावर सहा लाख आले की सात लाख, याची तो मोजदाद ठेवत नाही. आपल्या गावांतली घरं कोणती, यंदा कोण आलं, कोण राहिलं, एवढं त्याला ठाऊक असतं. शंभर वाचकांच्या पानानं हेच करावं असं मला मनापासून वाटतं. हे शंभर जण कुठून येतात, कधी येतात, आल्यावर काय शोधतात, एवढं ठाऊक असलेला माणूस डोंगरावरच्या दुकानदाराशी दराची बोलणी ताठ मानेनं करू शकतो. त्याच्या शंभरांत मुंबई-पुण्याचे वाचक फारसे नसतील, पण येत्या रविवारी डोंगर चढणारे असतील. नारळ, दवणा, मेवामिठाई विकणाऱ्याला दुसरं कोण हवंय?

माघातले खेटे घ्या. पाच रविवार, कोल्हापुरातून अनवाणी निघून कुशिरेमार्गे गायमुखाहून वर चढणारे लोक. त्या पाच रविवारांच्या आदल्या शनिवारी पानावर वाटेची आणि दर्शनरांगेची ताजी माहिती टाकायची आणि तिच्याखालची एकच जागा एकाच दुकानाला विकायची. समजा, शनिवारचे चारशे रुपये. पाच शनिवारांचे दोन हजार. गुगलच्या हिशेबानं वर्षभरात जे १,८२५ रुपये आले असते, ते इथे पाच दिवसांत वसूल होऊन वर पावणेदोनशे उरतात, आणि वर्षातले बाकीचे तीनशे साठ दिवस अजून विकायचेच आहेत.