प्रतिस्पर्ध्यांच्या घरचा लाडका

२१ नोव्हेंबर २०१५. माद्रिदच्या बर्नाबेऊ स्टेडियममध्ये यजमान रिआल माद्रिदची पुरती अब्रू गेली होती. बार्सिलोनाचे चार गोल झाले होते, त्यातला एक आंद्रेस इनिएस्टाचा. सामना संपत आला असताना तो मैदानाबाहेर निघाला आणि माद्रिदचेच प्रेक्षक टाळ्या वाजवू लागले! या दोन क्लबांमधले हाडवैर ज्यांना ठाऊक आहे, त्यांनाच या टाळ्यांचे मोल कळेल.

माणूस दिसायला अगदी साधा. उंची जेमतेम पाच फूट सात इंच, चेहरा फिकट, केस लवकरच विरळ झालेले. डॉन क्विक्झोटच्या ला मांचा मुलखातल्या फुएंतेआल्बिया या खेड्यात १९८४ साली एका गवंड्याच्या घरी जन्मलेला. बाराव्या वर्षी बार्सिलोनाच्या 'ला मासिया' या निवासी प्रशिक्षण केंद्रात आला, तेव्हा घरच्या आठवणीने रडायचा. खेळात आडदांडपणा नाही की डोळे दिपवणारा वेग नाही. दोघे अंगावर आले, की चेंडू एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे अलगद सरकवायचा आणि दोघांच्या मधून निघून जायचे. बार्सिलोनाकडून ६७४ सामने, नऊ लीग विजेतेपदे, चार युरोपीय चषक. जंत्री एवढी पुरे.

पण त्याची लोकप्रियता या जंत्रीत सापडत नाही. ऑगस्ट २००९ मध्ये त्याचा मित्र डानी हार्के हृदयविकाराने गेला. वय अवघे २६. तरुणांच्या राष्ट्रीय संघात दोघे एकत्र खेळलेले. पण हार्के कप्तान होता एस्पान्योलचा, म्हणजे बार्सिलोना शहरातल्याच प्रतिस्पर्धी क्लबचा. आधीच दुखापतींनी बेजार झालेला इनिएस्टा या धक्क्याने खचला. त्या काळात आपल्याला नैराश्याने ग्रासले होते, हे पुढे त्याने स्वतःच उघडपणे सांगितले.

आणि मग आली ११ जुलै २०१० ची रात्र. आदल्याच दिवशी बार्सिलोनाच्या रस्त्यांवर प्रचंड मोर्चा निघाला होता. कॅटलोनियाच्या स्वायत्ततेला न्यायालयाने लावलेली कात्री लोकांना मान्य नव्हती. अशा दुभंगल्या मनाचा स्पेन जोहान्सबर्गच्या विश्वचषक अंतिम सामन्याकडे डोळे लावून बसला. ११६ व्या मिनिटाला इनिएस्टाने हॉलंडवर गोल केला. जर्सी काढली, तर आतल्या बनियनवर हाताने लिहिलेले: 'डानी हार्के, सदैव आमच्यासोबत.' पंचांनी नियमाप्रमाणे पिवळे कार्ड दाखवले. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या क्षणी त्याला आठवला तो शत्रुपक्षातला मित्र. त्याच डिसेंबरात बार्सिलोनाने एस्पान्योलला त्यांच्याच मैदानावर पाच गोल घातले, तरी इनिएस्टासाठी तिथले प्रेक्षक उभे राहिले. कॅटलोनियाचा प्रश्न मात्र त्या गोलाने सुटला नाही, आणि फुटबॉलकडून तशी अपेक्षा करणेही भाबडेपणाचेच.

एक मैदान तेवढे रुसलेले राहिले. बिल्बाओच्या एका खेळाडूला इनिएस्टाला पाडल्याबद्दल लाल कार्ड मिळाले, तेव्हापासून तिथे त्याच्या नावाने शिट्ट्या. बास्क माणसाची स्मरणशक्ती दांडगी म्हणायची!

२०१८ मध्ये तो जपानच्या व्हिसेल कोबेकडे गेला, २०२३ पर्यंत तिथे रमला आणि काही महिने आखातातही खेळला. निवृत्ती त्याने २०२४ च्या ऑक्टोबरच्या ८ तारखेला जाहीर केली. बार्सिलोनात त्याच्या पाठीवरचा आकडाही ८ च होता.