दारातच विरणारा घुमार

गाडीत नवा अँप आला, डिकीत मोठा सबवूफर बसला, तरी डग्ग्याला घुमार नाही आणि पुरुषी आवाज पोकळ वाटतो, ही तक्रार सर्रास ऐकू येते. हरवलेला असतो तो साधारण 80 ते 250 हर्ट्झचा पट्टा, म्हणजे मिडबास. तो पुढच्या दारांतल्या स्पीकरनीच द्यायचा असतो. सबवूफरला इतक्या वरपर्यंत ओढलं, तर ताल पाठीमागून येऊ लागतो.

गोम बहुतेक वेळा स्पीकरमध्ये नसून दारात असते. स्पीकरचा कोन पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. 100 हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास साडेतीन मीटर. पुढच्या आणि मागच्या हवेला एकमेकींकडे वाट मिळाली, की एवढी लांब लहर जागच्या जागी विरते. वाट तर असतेच. दाराचं पॅड काढून पाहा: आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी भोकं आणि त्यांवर बऱ्याचदा नुसता पातळ प्लास्टिकचा कागद. पाणी अडवायला तो पुरतो, आवाज अडवायला नाही.

ही भोकं अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याने बंद करावीत आणि वरून ब्यूटाइलची डॅम्पिंग शीट रोलरने घट्ट दाबावी. मोठ्या भोकावर नुसती शीट ताणली, तर तीच थरथरते. स्पीकरखाली कडक रिंग आणि फोमची पट्टी हवी. रिंग शक्यतो प्लास्टिकची घ्यावी, कारण एमडीएफ ओल लागली की फुगतं. दाराच्या तळाची छिद्रं मात्र अजिबात बुजवू नयेत. काचेवरून आत ओघळलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. ती बंद झाली, तर दार आतून गंजतं.

पॅडला हात लावण्याआधी एक बिनपैशाची तपासणी करावी. एकाच स्पीकरच्या दोन वायरी अदलाबदल करून, दोन्ही सीटच्या मधोमध डोकं ठेवून ऐकावं. बास वाढला, तर आधीची जोडणीच उलटी होती. सबवूफर असेल, तर दारातल्या स्पीकरना 80 हर्ट्झच्या खालचं काम देऊ नये. मोकळा झालेला कोन मिडबास कितीतरी स्वच्छ वाजवतो.

उरतं अंतर. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. डाव्या दाराचा आवाज त्याच्यापर्यंत 70 सेंटीमीटर जास्त चालून येत असेल, तर तो 2 मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि 245 हर्ट्झच्या आसपास उजव्या आवाजाला खातो. स्टिरिओत टाइम अलाइनमेंटची सोय असेल, तर उजवा स्पीकर तेवढाच मागे ठेवावा. शेजारच्या सीटवर मात्र त्यामुळे ऐकणं बिघडतं, म्हणून घरच्यांसोबतच्या प्रवासासाठी वेगळं सेटिंग साठवलेलं बरं.