रेकॉर्डर बंद झाल्यानंतरचं काम

‘ऐकण्यापासून लेखापर्यंत’ : भाग ७

मुलाखत कशी घ्यायची आणि ती कागदावर उतरवल्यावर तिला कोड कसे लावायचे, हे मागच्या भागांत झालं. आजचा विषय त्यातल्या सगळ्यात कंटाळवाण्या आणि म्हणूनच सगळ्यात जास्त टाळल्या जाणाऱ्या कामाचा आहे : काम थांबवताना काय लिहून ठेवायचं. मुलाखत संपते तेव्हा, दिवसाचं कोडिंग आवरतो तेव्हा आणि अख्खा प्रकल्प बंद करायची वेळ येते तेव्हा. तिन्ही वेळी माणूस दमलेला असतो आणि तिन्ही वेळी ‘उद्या बघू’ म्हणून उठतो.

सॉफ्टवेअर तेच, क्वालकोडर. टास्मानियाच्या कॉलिन कर्टन यांनी लिहिलेलं, फुकट, मुक्तस्रोत, आणि देवनागरी मजकूर विनातक्रार घेणारं. एनव्हिवो, अ‍ॅटलास-टीआय किंवा मॅक्सक्यूडीए वापरणाऱ्यांनी बिचकू नये. मेमो लिहायची जागा त्यांच्यातही आहे, मेनूतली नावं तेवढी निराळी. उदाहरण मात्र आज नवं घेऊ : बीड जिल्ह्यातून साखर कारखान्यांवर जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबांशी उचलीविषयी, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ पैशांविषयी, झालेल्या मुलाखती.

समजा, उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, एका बाईंशी तुम्ही बोलताय. पहिली वीस मिनिटं त्या मोकळेपणाने सांगतायत. उचल किती घेतली, कशासाठी घेतली, हिशेबाची वही कोणाकडे असते. तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबते. मुकादम आलाय. तो आत येत नाही, दारापाशी फोनवर बोलत उभा राहतो. तुम्ही पुढचा प्रश्न विचारता आणि उत्तर येतं, ‘तसं काय नाय, मुकादम चांगलाय.’ रेकॉर्डिंगमध्ये मोटरसायकलचा आवाज आहे, पण ती कोणाची हे नाही. महिन्याभराने पुण्यात बसलेली सहकारी ते वाक्य इमानेइतबारे उतरवते आणि कोडिंग करणारा ते ‘मुकादमाशी संबंध : चांगले’ या कोडखाली टाकतो. दोघांनीही आपापलं काम चोख केलं, आणि तरी निष्कर्ष फसला.

हे टाळायला तंत्रज्ञान लागत नाही, मुलाखतीनंतरचा पहिला अर्धा तास लागतो. परतीच्या एसटीत बसल्या बसल्या, सहकाऱ्याशी गप्पा सुरू व्हायच्या आधी, लिहून टाकायचं. आधी लिहायचं आणि मग बोलायचं, हा क्रम मोडू नका. एकदा तोंडी सांगून झालं की आठवण त्या सांगण्याच्या साच्यात बसते आणि बारीकसारीक गळून जातं. बसायला जागा कुठे होती, आणखी कोण होतं, कोण कधी आलं आणि गेलं, कोणत्या प्रश्नाला बाई हसल्या, कोणत्या प्रश्नाला त्यांनी चुलीकडे तोंड फिरवलं, कोणता प्रश्न आपणच घाबरून विचारला नाही. ‘वातावरण तणावपूर्ण होतं’ असलं काही लिहू नका, ते पुढे कोणाच्याच कामी येत नाही. ‘विसाव्या मिनिटाला मुकादम दारात, शेवटपर्यंत तिथेच’ हे कामी येतं. घरी आल्यावर क्वालकोडरच्या मॅनेज फाइल्समध्ये त्या मुलाखतीच्या फाइलला जोडलेला मेमो उघडायचा आणि हे टिपण तिथे उतरवायचं. आता कोडिंग करणाऱ्याच्या हातात वाक्याबरोबर त्याचं वातावरणही पडतं.

एक अवघड प्रश्न इथेच येतो. रेकॉर्डर बंद करून तुम्ही चपला घालत असता, मुकादम निघून गेलेला असतो, आणि बाई सहज म्हणतात, ‘पोरीच्या लग्नाची उचल तीन वर्सं झाली, फिटंना.’ पुष्कळदा मुलाखतीतला सगळ्यात मोलाचा मजकूर हाच असतो. तो वापरायचा की नाही? माझं मत कडक आहे. त्यांनी संमती दिली होती ती रेकॉर्डिंग चालू असतानाच्या बोलण्याला. तिथल्या तिथे विचारा, ‘हे लिहून घेऊ का?’ हो म्हणाल्या तर टिपणात ‘रेकॉर्डिंगनंतर, परवानगीने’ अशी खूण करून घ्या. विचारायचं राहिलं असेल, तर ते वाक्य लेखात अवतरण म्हणून येता कामा नये. तुमची समज त्याने वाढली, तेवढ्यावर समाधान माना.

आता कोडिंगचा दिवस. जुन्या दुकानदारीत किर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. किर्दीत त्या त्या दिवशी काय घडलं ते क्रमाने, खतावणीत खातंनिहाय मांडणी. कोडिंग ही खतावणी आहे आणि सॉफ्टवेअर ती आपोआप नीट ठेवतं. किर्द मात्र तुम्हालाच लिहावी लागते, आणि तिची जागा मॅनेज जर्नल्समध्ये आहे. बार्नी ग्लेझर आणि अ‍ॅन्सेल्म स्ट्रॉस यांनी १९६७ साली ‘द डिस्कव्हरी ऑफ ग्राउंडेड थिअरी’ या पुस्तकात सांगून ठेवलंय की कोडिंग करताना डोक्यात विचारांची गर्दी झाली की कोडिंग थांबवा आणि मेमो लिहा. तेव्हा या कामाला संगणक नव्हता, मुलाखतींचे कागद कात्रीने कापून ढीग लावले जात. सॉफ्टवेअरने कात्री घालवली, पण लिहिण्याचं काम काही कमी झालं नाही.

किर्दीत लिहायचं काय, ते उचलीच्या कोडवरून पाहू. सुरुवातीला ‘उचल’ असा एकच कोड होता आणि पैशाबद्दलचं सगळं त्यात जात होतं. नवव्या मुलाखतीपाशी लक्षात आलं की लोक दोन वेगळ्या गोष्टी सांगतायत. उचल का घ्यावी लागली, ही एक : लग्न, आजारपण, घराचं बांधकाम. आणि हंगाम संपला तरी ती फिटली नाही, बाकी पुढच्या वर्षावर गेली, त्यामुळे पुन्हा त्याच मुकादमाकडे जावं लागलं, ही दुसरी. मग कोडचे दोन तुकडे केले : ‘उचल : कारण’ आणि ‘उचल : फिरलेली बाकी’. निर्णय बरोबरच आहे. पण त्या संध्याकाळी जर्नलमध्ये नोंद झाली नाही, तर पंधरा दिवसांनी पहिल्या आठ मुलाखती जुन्या कोडात आणि नंतरच्या नव्या कोडांत, असा गोंधळ शिल्लक राहतो. अहवालात मग ‘फिरलेली बाकी’ हा प्रश्न उगाच कमी लोकांचा दिसतो. म्हणून नोंद अशी हवी : ‘उचल कोड आज दुभागला. कारण, मुलाखत ९ मधला हिशेबाचा भाग. १ ते ३ पुन्हा तपासून झाल्या, ४ ते ८ बाकी.’ जर्नलचं नाव तारखेने सुरू करा, म्हणजे ओळीने लागतं. आणि कोडच्या स्वतःच्या मेमोत त्याची व्याख्या लिहा, शिवाय त्यात काय बसत नाही तेही. किराणा दुकानातली उधारी ‘उचल’मध्ये धरायची की नाही, हे ठरलंय ना? मग ते तिथे दिसलं पाहिजे.

कोड एकत्र करताना जास्त जपा. क्वालकोडरमध्ये एक कोड उचलून दुसऱ्यावर सोडला की दोन्हींतले उतारे एक होतात, आणि कोणता उतारा आधी कुठे होता हे मग यादीत दिसत नाही. त्याआधी प्रकल्पाची एक प्रत काढून ठेवा आणि एकत्र का केले ते जर्नलमध्ये लिहा.

यव्हॉना लिंकन आणि इगॉन गुबा या जोडीने १९८५ साली ‘नॅचरलिस्टिक इन्क्वायरी’ या पुस्तकात असल्या नोंदींना ऑडिटची वाट म्हटलं. कल्पना सरळ हिशेबतपासनिसांकडून उचललेली. बाहेरच्या माणसाला तुमचा निष्कर्ष पटला पाहिजे असं नाही, पण तुम्ही तिथवर कसे पोचलात हे त्याला पावलोपावली तपासता आलं पाहिजे. परीक्षकांसमोर ‘हा विषय डेटातून पुढे आला’ असं सांगणारे विद्यार्थी मी पाहतो. आपोआप काही येत नाही. कोणीतरी, कधीतरी, काहीतरी ठरवलेलं असतं.

किर्द आणि खासगी डायरी मात्र एक करू नका. मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्कीने ट्रोब्रिअंड बेटांवर असताना लिहिलेली डायरी त्याच्या मृत्यूनंतर १९६७ साली प्रसिद्ध झाली आणि ज्यांच्यात तो राहिला त्यांच्याविषयीची त्याची चिडचिड वाचून मानववंशशास्त्राला धक्का बसला. चिडचिड होतेच. ती घरच्या वहीत लिहा. प्रकल्पाची फाइल उद्या दुसऱ्याच्या हातात जाणार आहे.

हल्ली काही सॉफ्टवेअरं एका बटणावर सारांश आणि कोडही करून देतात. अ‍ॅटलास-टीआयने २०२३ मध्ये ती सोय आणली. सारांशाला माझी हरकत नाही, हरकत आहे ती तो मेमोच्या जागी ठेवायला. यंत्राला मोटरसायकल दिसलेली नसते. शिवाय मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जाणार असेल, तर बाईंनी त्याला संमती दिली होती का, हा प्रश्न आहेच.

प्रतींविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एम. एन. श्रीनिवास हे समाजशास्त्रज्ञ. त्यांनी १९४८ साली म्हैसूरजवळच्या रामपुरा गावात क्षेत्रकार्य केलं आणि पुढे कितीतरी वर्षं त्या टिपणांवर संस्कार करत राहिले. एप्रिल १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या अभ्यासकेंद्रात कोणीतरी आग लावली. त्या टिपणांच्या तिन्ही प्रती तिथेच, त्यांच्या खोलीत होत्या. ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ हे १९७६ चं पुस्तक मग त्यांनी बरंचसं आठवणींवर लिहिलं. पुस्तक गाजलं, पण म्हणून तो मार्ग अनुकरणीय ठरत नाही. तीन प्रती होत्या, फक्त एका छपराखाली होत्या. क्वालकोडर प्रकल्प उघडताना आपोआप बॅकअप घेऊ शकतं, पण तो त्याच लॅपटॉपवर पडतो. आठवड्यातून एकदा तो दुसऱ्या इमारतीतल्या ड्राइव्हवर न्या, आणि ड्राइव्हला पासवर्ड लावा.

प्रकल्प बंद करताना घाई नडते ती फाइलच्या स्वरूपाबाबत. विद्यापीठाचा परवाना संपला की महागड्या सॉफ्टवेअरमधली फाइल उघडत नाही, आणि तीन वर्षांनी लेखाचा संपादक मूळ उतारा मागतो. म्हणून शेवटच्या दिवशी कोडबुक साध्या मजकुरात, कोडनिहाय उतारे स्प्रेडशीटमध्ये आणि अख्खा प्रकल्प रेफी-क्यूडीए या सामाईक स्वरूपात बाहेर काढून ठेवा. हे स्वरूप बरीच सॉफ्टवेअरं वाचतात. प्रकल्प दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा उघडून बघा. जर्नल आणि मेमो धड पोचले नसतील तर ते वेगळे काढा.

राहिली नावं आणि आवाज. खरी नावं आणि टोपणनावं यांची यादी प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये कधीच ठेवायची नसते. ती कोणाकडे आणि किती दिवस राहणार, हे प्रकल्पाच्या मेमोत लिहा. गाव लहान असेल तर नाव बदलून भागत नाही. ‘दोन मुली, नवऱ्याचा हात मशिनीत गेलेला’ एवढ्यावर अख्खी टोळी ओळखते. आवाजाच्या फाइली संमतीपत्रात सांगितलेल्या मुदतीत पुसा, आणि रेकॉर्डर, फोन, क्लाउड, उतरवून देणाऱ्या सहकाऱ्याचा लॅपटॉप, अशा सगळ्या जागांवरून. पुसल्याची तारीख आणि पुसणाऱ्याचं नाव ही जर्नलमधली शेवटची नोंद.

पुढच्या आठवड्यात : एकाच मुलाखतीला दोघांनी लावलेले कोड जुळवून कसे पाहायचे, आणि ती जुळणी मोजणाऱ्या ‘कप्पा’ या आकड्यावर किती विसंबायचं.